नकाराची कारणं आधी कागदावर येऊ द्या

शेतकरी बंधूंनो, गावालगतच्या बागायतीत प्लॉट पाडायला नगरपरिषदेनं परवानगी नाकारली, की आपल्याकडं पारावर पेढे वाटले जातात. शिवार वाचलं असं वाटतं. पण खरी परीक्षा पुढंच असते.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ खाली परवानगी नाकारली, तर अर्जदाराला कलम ४७ प्रमाणे राज्य शासनाकडे अपील करता येतं. मुदत आदेश कळाल्यापासून ४० दिवसांची. तिथं अर्जदार आणि नगरपरिषद, दोघांचं म्हणणं ऐकलं जातं. नगरपरिषदेला आपला नकार टिकवता आला नाही, तर परवानगी मिळते.

असं एक प्रकरण मी जवळून पाहिलं. गावाचं नाव सांगत नाही. ओढ्याकाठची भारी काळी जमीन, खालच्या अंगाला पिण्याच्या पाण्याच्या विहिरी. घरांच्या वसाहतीचा अर्ज आला. लोकांनी गर्दी केली, घोषणा दिल्या. नगरपरिषदेनं एका ओळीत नकार दिला: नागरिकांचा विरोध असल्यामुळे परवानगी देता येत नाही. बस्स, एवढंच. अपिलाची नोटीस आल्यावर धावपळ झाली. कर्मचारी माझ्याकडं आले, "साहेब, जमिनीचा एखादा दाखला द्या की." मी दिला. पण त्याच्यावर तारीख नकारानंतरची! सुनावणीत विचारलं गेलं, हे कारण आदेशात कुठं आहे? अपील मंजूर झालं.

हा धडा जुनाच आहे. १९४७ साली मुंबईत अंधेरीला सिनेमागृह बांधायची परवानगी पोलीस आयुक्तांनी दिली आणि पुढं रद्द केली. गोरधनदास भानजी यांचं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९५१ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं, की अधिकाऱ्याचा आदेश त्यातल्या शब्दांवरूनच वाचायचा. मनात काय होतं याचे मागाहून केलेले खुलासे चालणार नाहीत. दुसरी गोष्ट, ज्याला अधिकार दिला त्यानं निर्णय स्वतः घ्यायचा, वरच्याचा हुकूम नुसता पुढं पोचवायचा नाही.

मग टिकणारं कारण कोणतं? पहिलं पाहायचं ते विकास आराखड्यात. गट नंबर शेती विभागात आहे का, तिथून रस्ता आखलाय का? पूररेषा आखलेली असेल तर ती पाहा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते आणि तिच्या आत बांधकामाला मनाई असते. जमिनीचं म्हणाल तर काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी फार सावकाश मुरवते. अशा रानात शेकडो घरांचे शोषखड्डे काम देत नाहीत. घाण पाणी वर साचतं किंवा ओढ्याला लागतं, तिथून विहिरींना धोका. पण हे नुसतं बोलून उपयोग नाही. त्याला मोजणी, नकाशा आणि नियमाचं कलम जोडलेलं पाहिजे. कलम ४५ मध्येच नकाराची कारणं नमूद करायला सांगितलंय.

आणि वेळ पाळा. अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं कायदा धरतो; फक्त प्रस्ताव सर्व नियमांत काटेकोर बसणारा हवा. "पुढच्या मिटिंगला बघू" म्हणत बसलात, तर नकार देण्याची संधीच हातची जाईल.

आणखी एक बाब पुष्कळांना ठाऊक नसते. कलम ४७ चं अपील फक्त अर्जदाराचं. शेजारच्या शेतकऱ्याला त्या कलमाखाली दाद मागता येत नाही. म्हणून आपलं म्हणणं निर्णयाआधीच लेखी द्या. विहिरींची जागा दाखवणारा नकाशा, सातबारा, ओढ्याला पाणी आलं तेव्हाचे तारखेसकट फोटो जोडा. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. सुनावणीत नगरपरिषदेच्या हातात तीच फाईल असणार आहे.

शेवटचं, थोडं कडू बोलतो. अर्ज करणारा पुष्कळदा आपलाच भाऊबंद असतो. पोरीचं लग्न, सोसायटीचं कर्ज, पडलेला कांद्याचा भाव, यातून तो जमीन काढतो. त्याला शिव्या देऊन ओढा वाचत नाही. त्यालाही नकार का मिळाला ते कागदावर वाचून कळलं पाहिजे, म्हणजे आराखड्यात बसेल असा दुसरा अर्ज त्याला करता येईल. कारण सांगितलेला नकार अपिलात टिकतो आणि गावातही वैर वाढू देत नाही.