परवाना, नाके आणि वेळ : वेस्ट बँकमधील दैनंदिन संचाराचे स्वरूप

संचारनिर्बंधांचा अभ्यास करताना जाण्याची परवानगी आणि प्रत्यक्ष जाणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडील ज्या प्रदेशास वेस्ट बँक म्हणतात, तेथील पॅलेस्टिनी रहिवाशांच्या बाबतीत या दोहोंत फार मोठे अंतर पडते. परवाना जवळ असलेला मनुष्यही नाक्यावरून परत फिरतो, अथवा कामाची वेळ टळून गेल्यावर पलीकडे पोहोचतो. ही व्यवस्था कशी घडली, ती कशी चालते आणि तिचे मोजमाप करताना कोणते भान राखावयास हवे, यांचा थोडक्यात परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जून १९६७ च्या युद्धात हा प्रदेश इस्रायलच्या ताब्यात आला. १९७२ साली लष्करी प्रशासनाने सर्वसाधारण निर्गमन-परवाना जारी केला व त्यान्वये बहुसंख्य रहिवाशांना दिवसा इस्रायलमध्ये जाण्यायेण्याची मुभा मिळाली. त्या काळी संचार हा नियम होता व मनाई हा अपवाद. १९९१ मध्ये, आखाती युद्धाच्या वेळी, हा सर्वसाधारण परवाना रद्द झाला आणि प्रत्येक व्यक्तीस स्वतंत्र परवाना घेणे भाग पडले. मार्च १९९३ मध्ये सर्वंकष बंदी लागू झाली. अशा रीतीने नियम आणि अपवाद यांची अदलाबदल झाली. १९९५ च्या करारान्वये प्रदेशाचे अ, ब व क असे तीन विभाग पडले; त्यांपैकी सुमारे ६० टक्के भूमी व्यापणारा क विभाग संपूर्णपणे इस्रायली नियंत्रणाखाली राहिला. सप्टेंबर २००० मध्ये दुसरा उठाव सुरू झाल्यावर प्रदेशाच्या अंतर्भागातही नाक्यांची संख्या वाढली आणि २००२ पासून विभाजक भिंतीचे बांधकाम सुरू झाले. तिचा बराचसा मार्ग १९४९ च्या युद्धविराम-रेषेवरून न जाता वेस्ट बँकच्या आतून जातो.

परवान्याची व्यवस्था ओळखपत्रावर उभी आहे. वेस्ट बँकच्या रहिवाशाचे ओळखपत्र व पूर्व जेरुसलेमच्या रहिवाशाचे ओळखपत्र यांचे रंग भिन्न, त्यांना लागू पडणारे नियम भिन्न आणि वाहनांच्या पाट्याही भिन्न. कामगारास परवाना मिळतो तो बहुधा इस्रायली मालकाच्या अर्जावरून. परिणामी नोकरी सुटली की परवानाही सुटतो. यातूनच दलालांचा एक वर्ग निर्माण झाला असून कामगाराच्या वेतनाचा एक हिस्सा दरमहा त्यांच्या हाती जातो. अर्ज फेटाळताना ‘सुरक्षेचे कारण’ एवढाच शेरा पुष्कळदा दिला जातो. मूळ कारण गोपनीय राहत असल्यामुळे त्याचे खंडन करणे अर्जदारास दुष्कर होते.

आता नाक्यांकडे वळू. बेथलेहेम ते जेरुसलेम हे अंतर दहा किलोमीटरांहूनही कमी. तथापि सकाळी सातला कामावर हजर व्हावयाचे असलेले मजूर तेथील नाक्यावर पहाटे तीन-चारपासून रांग धरीत. रामल्ला व जेरुसलेम यांमधील कलंदिया नाक्यावर २०१९ मध्ये यांत्रिक ओळखतपासणी सुरू झाल्यावर रांगा कमी झाल्या. परंतु प्रवेशासाठी परवान्याची अट कायम राहिली. ज्यांना जेरुसलेममधून जाण्याची अनुज्ञा नाही, त्यांना बेथलेहेमहून रामल्लास जाण्यासाठी वादी अन्-नारच्या वळणावळणाच्या रस्त्याने मोठा वळसा घ्यावा लागतो. पूर्व जेरुसलेममधील इस्पितळात न्यावयाच्या रुग्णास नाक्यावर एका रुग्णवाहिकेतून उतरवून दुसरीत चढविण्याची प्रथा आहे. भिंतीपलीकडे अडकलेल्या जैतुनाच्या बागांत जाण्यासाठी शेतकऱ्यास वेगळा परवाना लागतो, आणि कित्येक दरवाजे केवळ तोडणीच्या हंगामातच उघडतात. मशागत मात्र वर्षभर करावयाची असते.

इस्रायली शासनाची भूमिका अशी की, नागरिकांवरील प्राणघातक हल्ले रोखण्यासाठी ही तपासणी अनिवार्य आहे. दुसऱ्या उठावाच्या काळात आत्मघातकी स्फोटांत शेकडो इस्रायली नागरिक मृत्युमुखी पडले, हे विसरून या प्रश्नाचा विचार करता येणार नाही. परंतु हेतू मान्य केला तरी उपायाचे प्रमाण तपासावेच लागते. जून २००४ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने बैत सूरिक प्रकरणात सुरक्षेचा हेतू ग्राह्य धरला. तरीही रहिवाशांस होणारी हानी प्रमाणाबाहेर असल्याचे सांगून भिंतीच्या काही भागांचे आदेश रद्द केले. पुढच्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने व्याप्त प्रदेशातील भिंत आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध असल्याचे सल्लादर्शक मत दिले. जुलै २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने या प्रदेशातील इस्रायलचे अस्तित्वच बेकायदेशीर ठरविले.

मोजमापाचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. विवेचनापुरते एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या मजुरास दहा दिवसांपैकी नऊ दिवस नाक्यावर वीस मिनिटे लागली व एक दिवस दोन तास लागले, तर सरासरी खोळंबा तीस मिनिटांचा भरतो. पण तो दिवस कोणता, हे त्यास आधी ठाऊक नसते. नोकरी टिकवावयाची तर त्याने दहाही दिवस दोन तास आधी निघाले पाहिजे. म्हणजे नोंदवहीत दहा दिवसांचे पाच तास दिसतात. त्याच्या आयुष्यातून वीस तास वजा होतात. रांगेची लांबी मोजणाऱ्या पाहणीत उरलेले पंधरा तास सापडत नाहीत. शिवाय जे परवान्याच्या आशेने अर्जच करीत नाहीत, ज्यांनी दुसऱ्या गावचे महाविद्यालय वा सोयरीक टाळली, ते तर नाक्यावर कधी दिसतच नाहीत.

ऑक्टोबर २०२३ मधील हल्ला व त्यानंतरचे युद्ध यांमुळे इस्रायलमध्ये कामास जाण्याचे बहुतेक परवाने स्थगित झाले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी समन्वय कार्यालयाने २०२५ च्या आरंभी वेस्ट बँकमध्ये नाकी, दरवाजे, मातीचे बांध इत्यादी मिळून ८४९ अडथळे मोजले. इस्रायलमध्ये जाणाऱ्या नाक्यांवरील मजुरांच्या रांगा ओसरल्या, तो निर्बंध सैल झाल्यामुळे नव्हे. रांगेची लांबी ही निर्बंधाची मात्रा मानणाऱ्या अभ्यासकाची येथे पूर्ण दिशाभूल होईल. म्हणून या विषयाच्या अभ्यासकाने नाक्यावरील क्षणांबरोबरच घरातून निघण्याची वेळ, फेटाळलेले अर्ज आणि न केलेले प्रवास यांचीही नोंद ठेवणे अगत्याचे आहे.