बेंजोची किंमत कोण ठरविणार?

भीमजयंतीच्या मिरवणुकीत बेंजोच्या तारा झणाणल्या की वस्तीतले शेंबडे पोर असो की काठी टेकत आलेली आजी, पाय आपोआप ठेका धरतात. पण तो बेंजो वाजविणारा हात कोणाचा, तो हात वर्षाचे उरलेले महिने काय करतो आणि एके दिवशी तोच हात आपले वाद्य विकायला का काढतो, याचा विचार आपण समाज म्हणून कधी केला आहे काय?

बीड जिल्ह्यातील मांजरसुंबा हे बालाघाटाच्या माथ्यावरचे गाव. सोलापूर-धुळे महामार्ग आणि पाटोद्याकडून केजकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांना भेटतात. दिवाळीच्या आगेमागे या चौकात उभे राहावे. ट्रकमागून ट्रक, ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर ऊसतोडीला निघालेले दिसतात. त्यात नवरा-बायकोचा कोयता, भांडीकुंडी, लेकरे, शेळ्या. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. याच गाड्यांत गायन पार्ट्यांचे गायक, ढोलकीवाले, बेंजोवालेही असतात. ६ डिसेंबर आणि १ जानेवारी त्यांचा उसाच्या फडातच जातो. कारखाने थंडावले की ते गावी परततात, तेव्हा जयंती तोंडावर आलेली असते. एप्रिल-मे हे दोन महिने वाद्य घराला हातभार लावते. मग जून उजाडतो. लेकरांच्या वह्या-पुस्तकांचा, बी-बियाण्यांचा, म्हाताऱ्या आईच्या दवाखान्याचा खर्च दारात उभा राहतो. घरात विकण्याजोगी वस्तू शोधली तर काय सापडते? खुंटीला टांगलेला बेंजो!

हा बेंजो आला कोठून? १९१२ साली जपानमधील नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरच्या कळांवरून कल्पना घेऊन एक तंतुवाद्य तयार केले. तेच भारतात येऊन बुलबुल तरंग झाले आणि महाराष्ट्राच्या गल्लीबोळात बेंजो या नावाने नांदू लागले. आतून पोकळ लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा आणि डाव्या हाताखाली कळांची रांग. कळ दाबली की तार पट्टीवर टेकते. उजव्या हाताने ती छेडायची. पुढे कारागिरांनी तारांखाली पिकअप बसविला, वायर अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आणि हे घरगुती वाद्य हजारोंच्या मिरवणुकीवर राज्य करू लागले. ज्याला शास्त्रोक्त शिक्षणाचे दार बंद होते, त्यानेही कळांवर बोटे फिरवून कानाने चाली बसविल्या. म्हणूनच हे वाद्य आमच्या वस्तीला आपले वाटले.

वादक जेव्हा हौसेने बेंजो करवून घेतो, तेव्हा कारागीर त्याच्या बोटांच्या मापाने कळा बसवितो. पार्टीतला गायक कोणत्या पट्टीत गातो ते ऐकून तारा निवडतो. लाकूड कोणते, पेटी किती खोल, पिकअप कोठे, हे सारे ठरवून होते. असा बेंजो दुसऱ्यासारखा नसतो. परंतु विकायला काढला की हाच त्याचा गुण दोष ठरतो! त्यावर कंपनीचा शिक्का नाही, घेतल्याची पावती नाही. घेणारा पेटी उलटीपालटी करून पाहतो, लाकडाचा आणि तारांचा हिशेब करतो आणि म्हणतो, एवढ्या पैशात थोडी भर घातली तर जुना कीबोर्ड मिळेल. वाजविणाऱ्याच्या बोटांनी झिजलेल्या कळा त्याला फक्त जुन्या दिसतात.

बाजार बाजारासारखाच वागणार. प्रश्न आपला आहे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी जलसे उभे केले, तेव्हा अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत बाबासाहेबांचा विचार डफ-ढोलकीच्या साथीने पोचला. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) आयुष्यभर गावोगाव गात फिरले. मराठवाड्याच्या नामांतराचा लढा १४ जानेवारी १९९४ पर्यंत चालला. त्या वर्षांत सभेआधी माणसे जमली ती गाण्यांनी. पुढे कॅसेटी निघाल्या. कॅसेटवर गायकाचे नाव, कवीचे नाव. बेंजोवाल्याचे नाव बहुधा नसेच. ज्याचे नाव आपण छापले नाही, त्याच्या वाद्याला बाजार मोल देईल अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

स्वतः बाबासाहेबांना संगीताची ओढ होती. ते व्हायोलिन शिकत होते. पुण्यातील सिम्बायोसिसच्या संग्रहालयात त्यांचे व्हायोलिन जतन केलेले आहे आणि ते पाहताना मान लवते. ते जपलेच पाहिजे. पण ज्या महामानवाने वाद्य हाती धरले, त्याच्या विचाराचे गाणे वाजविणारे वाद्य मोडीत जात असेल, तर आपण काय जपले?

कोणी म्हणेल, काळ बदलला; आता डीजे आहे, कीबोर्डात सगळे आवाज आहेत. नव्या यंत्राशी आपले भांडण नाही. बेंजोही कधीकाळी नवे यंत्रच होता. फरक एवढाच की डीजेचे भाडे वस्तीबाहेर जाते आणि मागे कोणी शिकलेला राहत नाही. बेंजोवाल्याला दिलेला पैसा वस्तीतच राहतो आणि त्याच्या शेजारी बसून एखादे पोर चाल उचलते. एकतारी घेऊन दारोदार गाणाऱ्या कडूबाई खरात यांचा आवाज मोबाइलने घराघरात नेला. ती एकतारी एखाद्या अडचणीच्या जूनमध्ये विकली गेली असती, तर आपण काय ऐकले असते?

वाद्य विकणाऱ्याला बोल लावू नये. लेकराच्या शाळेसाठी बेंजो विकणारा बाप 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेशच पाळतो आहे. उलट जयंती समित्यांनी पुढे व्हावे. कारखान्याचा मुकादम मजुराला हंगामाआधी उचल देतो आणि त्याला बांधून घेतो. आपण वादकाला जूनमध्येच पुढच्या जयंतीच्या मानधनाचा काही भाग द्यावा, म्हणजे वाद्य घरातच राहील. तरीही विकण्याची पाळी आलीच, तर डीजेच्या एका रात्रीच्या खर्चातून विहाराने ते योग्य दामाने घ्यावे. कोणी बनविले, कोणी वाजविले, हे विहाराच्या वहीत लिहून ठेवावे. तारांचे माप आणि पट्टी वादकाकडून टिपून घ्यावी. वाद्य काचेच्या कपाटात ठेवू नये. पावसाळ्याच्या संध्याकाळी त्याच वादकाच्या हाती देऊन वस्तीतल्या मुला-मुलींना शिकवायला सांगावे. त्याचेही मानधन द्यावे.

पोकळ पेटीतून आवाज निघतो तो तिच्यावर तारा ताणलेल्या असतात म्हणून. तारा उतरविल्या की उरते ते नुसते लाकूड, आणि लाकडाचा भाव भंगारवाला ठरवितो. मांजरसुंब्याच्या चौकातून यंदाही ऊसतोडीच्या गाड्या जातील. त्या परत येतील तेव्हा आमच्या वादकाच्या खुंटीला बेंजो असेल की नसेल, हे आताच्या जूनमध्ये आपल्याला ठरवायचे आहे. जयभीम!