लाल पायांचा शतकभराचा तपास
बेडकाच्या पोटावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला लाल चट्टे उमटतात. तो सुस्त पडतो, खाणं सोडतो आणि काही दिवसांत मरतो. हेवन इमर्सन आणि चार्ल्स नॉरिस या अमेरिकी डॉक्टरांनी 1905 मध्ये या ‘लाल पाय’ रोगावर सविस्तर लिहिलं आणि एका जिवाणूकडे बोट दाखवलं. एरोमोनास हायड्रोफिला हे त्याचं आजचं नाव. पुढची कित्येक वर्षं मेलेल्या बेडकात तो सापडला, की तपास तिथेच संपायचा.

खरं तर हा जिवाणू गोड्या पाण्याचा जुना रहिवासी. धडधाकट बेडकाच्या आतड्यातही तो असतो. मग रोज सगळेच बेडूक का मरत नाहीत? याचं एक उत्तर 1987 मध्ये मिळालं. आफ्रिकी बेडकांच्या जखमा टाकीतल्या अस्वच्छ पाण्यातही चिघळत नाहीत, हे संशोधक मायकेल झासलॉफ यांच्या लक्षात आलं होतं. बेडकाची कातडीच जिवाणूनाशक रेणू पाझरते, हे त्यांनी दाखवलं.

1996 मध्ये तर आरोपीच बदलला. ब्रिटनच्या बागांमधल्या तळ्यांवर बेडूक मोठ्या संख्येने मरत होते आणि ठपका ‘लाल पाय’वर येत होता. संशोधक अँड्र्यू कनिंगहॅम आणि सहकाऱ्यांना त्यामागे रानाव्हायरस हा विषाणू दिसला. जिवाणू बऱ्याचदा मागाहून शिरलेला निघाला. 1999 मध्ये कातडीवर वाढून बेडकांना मारणाऱ्या कायट्रिड बुरशीचं नामकरण झालं. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवरही ती असल्याचं 2013 च्या संशोधनातून पुढे आलं. ऑस्ट्रेलिया किंवा मध्य अमेरिकेसारखा हाहाकार मात्र तिने आशियात माजवलेला नाही.

हा सगळा इतिहास हाताशी धरून ठाण्यातल्या कोलशेतकडे पाहायला हवं. खाडीकाठचं हे आगरी-कोळ्यांचं गाव. भातखाचरं, खाजण, गावतळं असा त्याचा पसारा. मग कोलशेत रस्त्यालगत रंग-रसायनांचे कारखाने आले. 1982 मध्ये ठाणे महानगरपालिका झाली. पुढे कारखाने हलले आणि त्यांच्या जागी उंच गृहसंकुलं उभी राहिली.

बेडकाच्या लेखी या बदलाचा अर्थ साधा आहे. पावसाळ्यात अंडी घालायला पसरलेली शेकडो डबकी गेली आणि सगळी गर्दी उरलेल्या तलावांवर आली. गर्दीत रोग पसरतो. तलावांना सरळसोट भिंती बांधल्यावर बाहेर पडायची वाटही उरत नाही. भेकासारख्या जमिनीवरच्या जिवाचे तर हालच. त्यात सांडपाणी आणि निर्माल्य कुजलं, की पाण्यातला प्राणवायू घटतो. एप्रिल-मेमध्ये पाणी तापतं. जिवाणूला हे मानवतं आणि बेडकाची प्रतिकारशक्ती खचते. ठाण्यात गणेश विसर्जनासाठी कृत्रिम तलाव होऊ लागले, त्याचा उपयोग इथेही आहे: तेवढा भार नैसर्गिक पाण्यावरून उतरतो.

म्हणून तलावाकाठी बेडूक मरून पडले, तर ते कचरागाडीत जाण्याआधी प्रयोगशाळेत जायला हवेत. तिथे जिवाणूबरोबर विषाणू आणि बुरशीही शोधावी, पाण्यातला प्राणवायू आणि अमोनियाही मोजावा. सुशोभीकरणाच्या आराखड्यात एका काठाला तरी मातीचा उतार ठेवावा. नुसतं जंतुनाशक ओतलं, तर एरोमोनास चार दिवस कमी होईल. ज्यात त्याचं फावतं, ते पाणी मात्र तसंच राहील.