मोबाईल जोडला तरी बॉक्सवर गाणी लागत नाहीत? बॉक्स बिघडलेला नसतो

धर्माबाद : फ्री डिशच्या बऱ्याच सेट टॉप बॉक्सला यूएसबीचं भोक असतं. त्यात पेनड्राईव्ह लावला की टीव्हीवर भजनं, गाणी वाजतात. पण तिथंच चार्जरच्या वायरनं स्मार्टफोन जोडला तर फोन नुसता चार्ज होतो, गाणं काही लागत नाही. मग बॉक्स गेला म्हणून लोक नवा घ्यायला निघतात.

खरी गोष्ट अशी. पेनड्राईव्ह जोडल्यावर बॉक्सला आतल्या फाईली सरळ वाचता येतात. जुने एमपी३ प्लेअर आणि बटनाचे कित्येक मोबाईलही तसेच चालायचे. स्मार्टफोन मात्र आपली मेमरी अशी उघडी करत नाही. तो एमटीपी नावाच्या पद्धतीनं फाईली देतो. कॉम्प्युटरला ती कळते, साध्या बॉक्सला कळत नाही. म्हणून घरातला जुना बटनाचा मोबाईल वाजतो अन् पंधरा हजाराचा फोन गप्प बसतो! परदेशातही हा खटाटोप जुनाच. २००५ साली आलेल्या एक्सबॉक्स ३६० या व्हिडिओ गेमच्या डब्याला आयपॉड जोडून लोक टीव्हीवर गाणी ऐकायचे.

उपाय स्वस्त आहे. ओटीजी जोडणी घेऊन फोनमधली गाणी पेनड्राईव्हमध्ये कॉपी करावीत. पेनड्राईव्ह ३२ जीबी किंवा कमीचा बरा. त्याहून मोठे बहुतेक एक्सफॅट पद्धतीचे येतात, ते साधा बॉक्स वाचत नाही. त्याला फॅट३२ लागतं. यूट्यूबच्या ॲपात सेव्ह केलेलं गाणं मात्र असं निघत नाही, ते त्या ॲपातच राहतं. एमपी३ फाईल असली तरच जमतं.

एक सांभाळा. पेनड्राईव्ह किंवा मेमरी कार्ड लावल्यावर काही बॉक्स, काही फोन ‘फॉरमॅट करू का’ असं विचारतात. घाईत ‘ओके’ दाबलं की सगळं पुसलं जातं. कुणाच्या कार्डात वारलेल्या आजीच्या ओव्या असतात, कुणाच्या वडिलांचा आवाज. ते रेकॉर्डिंग बाजारात परत मिळत नाही. आधी दुसरीकडं कॉपी, मग फॉरमॅट.

आपल्याकडं मराठीबरोबर तेलुगू गाणीही असतात. बॉक्सवर नावांच्या जागी चौकोन दिसले तर फाईलचं नाव इंग्रजी अक्षरात टाकावं.