पावसाखालचा समुद्र

चला पोरांनो, आज शिडाची एक लहानशी होडी घेऊन न्यूझीलंडला जाऊ. तिथल्या दक्षिण बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्याला फियॉर्डलँड म्हणतात. हिमयुगात हिमनद्यांनी डोंगर खोलवर कोरले, पुढे बर्फ वितळलं आणि त्या खोबणींत समुद्र शिरला. तिथले मूळ रहिवासी माओरी सांगतात, तू-ते-राकीव्हानोआ नावाच्या देवाने त्या तासून काढल्या. मला दोन्ही गोष्टी आवडतात. बाहेरून गाडीरस्त्याने जाता येईल अशी खाडी इथे एकच, मिलफर्ड साउंड. बाकी सगळीकडे बहुतेक पाण्यातूनच जायचं.

आत शिरण्याआधी वारा बघा. इथे बहुतेक वेळ तो पश्चिमेचा. तो होडीला अलगद आत नेतो, पण बाहेर पडताना तोच समोरून येतो. 1770 साली दर्यावर्दी कॅप्टन कुक एका खाडीच्या तोंडाशी आला आणि आत गेलो तर वारा परत येऊ देईल का, या शंकेने पुढे निघून गेला. 1773 साली मात्र तो त्याच किनाऱ्यावरच्या डस्की साउंडमध्ये शिरला आणि महिन्याहून जास्त राहिला. त्याने जहाज काठाच्या इतकं जवळ बांधलं होतं, की एका झाडाच्या आडव्या खोडावरून माणसं ये-जा करत. ते तसंच करावं लागतं, कारण कडा जसा वर उभा, तसाच पाण्याखालीही उभाच जातो. काठाला हात लागेल इतके जवळ असलो, तरी नांगराला तळ सापडत नाही. म्हणून एखादा ओढा जिथे गोटे-वाळू आणून टाकतो तिथे नांगर सोडायचा आणि मागचे दोर झाडांना बांधायचे. कड्यावरून वाऱ्याचा झोत कधी कोसळेल याचा नेम नसतो. शीड उतरवलेलंच बरं.

आणि पाऊस! समुद्रावरून आलेली ओली हवा डोंगरांना धडकते, वर चढते, गार होते आणि रिती होते. आपल्या सह्याद्रीत घडतं तेच. मिलफर्डला वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आपल्या आंबोलीच्या तोडीचा. पण आंबोलीचा पाऊस चार महिन्यांत आटोपतो, इथे बाराही महिने. सर आली की कोरड्या कड्यांवरून शेकडो धबधबे सुटतात.

आता बादली सोडा आणि पाणी चाखा. खारट लागत नाही ना? समुद्रात आहोत, तरी पाणी जवळजवळ गोडं आणि कोऱ्या चहाच्या रंगाचं. पावसाचं पाणी रानातल्या कुजलेल्या पाल्यातून झिरपतं आणि त्याचा रंग घेऊन येतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, लिटरमागे साधारण 25 ग्रॅमने. खाडीचं पाणी निवांत असलं की ते खाली न मिसळता वर तरंगत राहतं. हा थर बऱ्याचदा काही मीटर जाड असतो.

अशा थरांच्या पाण्यात होडीची कधीकधी गंमत होते. 1893 साली नान्सेन या नॉर्वेच्या संशोधकाचं ‘फ्राम’ जहाज सैबेरियाच्या उत्तरेला असंच अडलं. इंजिन पूर्ण जोरात आणि जहाज जेमतेम सरकतंय. पुढे एकमान या शास्त्रज्ञाने त्याचा उलगडा केला: जहाजाचा जोर पुढे जाण्याऐवजी दोन थरांच्या सीमेवर लाटा उठवण्यात खर्च होत होता. वरून पाहणाऱ्याला त्या लाटा दिसतही नाहीत!

पण खरं नवल आपल्या होडीच्या खाली आहे. तो तपकिरी थर उजेड अडवतो. खाली दहा मीटरवर इतका अंधार, की बाहेरच्या समुद्रात खूप खोल राहणारं काळं प्रवाळ इथे वर येऊन वाढतं. नाव काळं, कारण त्याचा सांगाडा काळा. जिवंत प्रवाळ मात्र पांढरंशुभ्र दिसतं. काही प्रवाळं तीनशे वर्षांहून जुनी, म्हणजे शिवाजी महाराजांनंतर फार उशिरा जन्मलेली नाहीत. त्यांच्या फांद्यांना सर्पतारे नावाचे लांब हातांचे प्राणी विळखा घालून बसतात. ते प्रवाळावर अडकलेलं खाद्य टिपतात आणि त्याला स्वच्छ ठेवतात.

वरच्या गोड्या थरातही एक वस्ती आहे, शिंपल्यांची. त्यांना कमी खारं पाणी सोसतं. त्यांना खाणाऱ्या तारामाशांना सोसत नाही, म्हणून ते खालच्या खाऱ्या पाण्यातच वाट बघत राहतात. पाऊस काही दिवस थांबला, थर पातळ झाला, की तारामासे कड्यावरून वर सरकतात आणि शिंपल्यांवर ताव मारतात. पुन्हा झड लागली की त्यांना खाली उतरावंच लागतं. तेव्हा होडीत बसून पाऊस कधी थांबतो म्हणून कुरकुर कराल, तर खालचे शिंपले तुमच्या बाजूने नसतील.