कौतुकाने माणसं डोक्यावर बसतात?

कंपनीत कामाची पद्धत बदलायला घेतली की वरिष्ठांच्या तोंडी एक समजूत हमखास येते: कौतुक केलं की माणसं डोक्यावर बसतात, जबाबदारी घ्यायला लावायची तर धाकच हवा. हा गैरसमज फार महागात पडतो.

फोर्ड कंपनीला तो असाच महागात पडला. 2006 मध्ये ॲलन मुलाली बोइंग सोडून तिथे प्रमुख म्हणून आले. त्या वर्षीचा तोटा 12 अब्ज डॉलरच्या वर होता. मुलालींनी दर गुरुवारी खातेप्रमुखांची आढावा बैठक सुरू केली. काम सुरळीत असेल तर तक्त्यावर हिरवा रंग, धोका दिसत असेल तर पिवळा, अडलं असेल तर लाल. सुरुवातीला सगळे तक्ते हिरवेच! कंपनी अब्जावधी गमावत होती आणि अडचण मात्र कुणाकडेच नव्हती. अडचण कबूल करणाऱ्याची तिथे आजवर धडगत नव्हती, म्हणून प्रत्येकाने झाकली मूठ सांभाळली होती. धाकाने शिकवली होती ती लपवाछपवी.

मग खातेप्रमुखांपैकी मार्क फील्ड्स यांनी ‘एज’ या नव्या गाडीसमोर लाल रंग दाखवला. कॅनडातल्या ओकव्हिल कारखान्यात मागच्या दाराच्या यंत्रणेत दोष निघाला होता आणि त्यांनी गाडी बाजारात उतरवणं थांबवलं होतं. आता यांची नोकरी गेली, असं बाकीच्यांना वाटलं. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि मदत कोण करणार, असं विचारलं. सहकाऱ्यांनी तिथेच उपाय सुचवले. पुढच्या काही आठवड्यांत इतरांचे तक्तेही लाल-पिवळे होऊ लागले.

कौतुक म्हणजे चुकीला माफी, असंही अनेकांना वाटतं. पण त्या टाळ्या दोष वेळेवर उघड करण्याला होत्या. दोष फील्ड्स यांच्याच खात्यावर राहिला, आणि पुढचा गुरुवार होताच.

पैसे दिले की माणसं जबाबदारी घेतील, हीही भाबडी आशा. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांच्या 1971 च्या प्रयोगांत कोडी सोडवण्याचे पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांचा रस पैसे थांबताच ओसरला. शब्दांनी दाद मिळालेल्यांचा तसा ओसरला नाही.

मात्र सरसकट ‘छान काम’ म्हणून भागत नाही. उदाहरणार्थ, नव्या संगणकप्रणालीत जुन्या नोंदी जुळत नाहीत, हे ज्याने सर्वांत आधी सांगितलं, त्याला त्याच बैठकीत, सर्वांसमोर, त्याने नेमकं काय केलं ते सांगून दाद द्यावी. आणि दुरुस्तीची तारीखही तिथेच त्याच्याकडून घ्यावी.