दुष्काळाने बांधलेली कामे

तिरोडा तालुक्यात पाण्याचे महत्त्व कुणाला सांगायला नको. आपली शेती धानाची. रोवणी झाली आणि पावसाने दडी मारली, तर बांधीला भेगा पडतात. मग सगळ्यांच्या नजरा तलावाकडे लागतात. बोदलकसा आणि चोरखमारा हे आपल्याकडचे मोठे तलाव. गावोगावी लहान तलाव आणि बोड्या आहेत त्या वेगळ्याच.

यातले पुष्कळ जुने तलाव कोहळी लोकांनी आणि मालगुजारांनी बांधले. ती कामे शेतीसाठी झाली. पण काही कामे अशी असतात, की ती दुष्काळामुळे होतात. लोकांच्या हाताला काम नसते, घरात दाणा नसतो. अशा वेळी सरकार काम काढते. माणूस मजुरी घेतो आणि गावाला रस्ता किंवा तलाव मिळतो. आज आपण अशा कामांची गोष्ट वाचू.

ही रीत जुनी आहे. लखनौ शहरात बडा इमामबाडा नावाची भव्य इमारत आहे. 1784 साली दुष्काळ पडला होता. तेव्हा तिथल्या नबाबाने लोकांना काम मिळावे म्हणून ती बांधायला काढली. लोक पोटाला लागले. इमारत आजही उभी आहे.

इंग्रजांच्या राज्यात आपला भाग मध्य प्रांतात होता. 1896-97 साली तिथे मोठा दुष्काळ पडला. लोक सावरतात न सावरतात तोच 1899-1900 साली दुसरा आला. 1900 च्या पावसाळ्यात प्रांतातले 20 लाखांहून जास्त लोक सरकारी मदतीवर जगत होते. धडधाकट माणसाला खडी फोडायला, माती वाहायला लावीत. मजुरी जेमतेम पोटापुरती. कित्येक लोक कामावर पोचण्याआधीच खचले होते. मदत वेळेवर आली नाही, तर काम काढूनही माणूस वाचत नाही. हा त्या दुष्काळाचा पहिला धडा.

दुसरा धडा पाण्याचा. नुसती खडी फोडून ढीग रचले, तर पुढच्या दुष्काळात त्याचा काय उपयोग? त्यानंतर सरकारने पाटबंधाऱ्यांचा विचार करायला एक आयोग नेमला. मध्य प्रांतात मोठे तलाव बांधण्याच्या कामाला त्यानंतरच जोर आला.

आता जरा दूर जाऊ. अमेरिका हा श्रीमंत देश. पण 1929 साली तिथे मोठी मंदी आली. कारखाने बंद पडले, बँका बुडाल्या. 1933 पर्यंत दर चार कामकऱ्यांपैकी एक बेकार झाला. 1935 साली रूझवेल्ट यांच्या सरकारने मोठी योजना काढली. आठ वर्षांत सुमारे 85 लाख लोकांना तिच्यातून काम मिळाले. त्यांनी रस्ते, पूल, शाळा, दवाखाने बांधले.

त्या योजनेत एक नवलाची गोष्ट होती. चित्रकारांनाही मजुरी मिळाली! सरकार म्हणाले, गवंड्याला पोट आहे, तसे चित्रकारालाही आहे. मग त्यांनी शाळांच्या आणि दवाखान्यांच्या भिंती रंगवल्या. चित्रे कशाची? बरीचशी शेतावर राबणाऱ्यांची आणि कारखान्यात खपणाऱ्यांची. लोकांना भिंतीवर आपलेच कष्ट दिसले. त्यातली पुष्कळ चित्रे आजही जपून ठेवली आहेत.

आता आपल्या महाराष्ट्रात परत येऊ. 1972 साली राज्यात भयंकर दुष्काळ पडला. मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र होरपळून निघाला. 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख लोक दुष्काळी कामांवर होते. बायाबापड्या उन्हात खडी फोडीत, घमेली वाहत. कामावर सुकडी वाटली जाई. पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते त्या हातांनी झाले.

सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांचे म्हणणे असे, की काम ही भीक नव्हे, तो माणसाचा हक्क आहे. त्यांच्या विचारातून रोजगार हमी योजना आली. 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर 15 दिवसांत काम द्यायचे, नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, असे त्यात ठरले. पैसा कुठून आणायचा? शहरातल्या नोकरदारांवर आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसवला. म्हणजे शहराच्या कमाईतून खेड्याला काम मिळाले.

पुढे 2005 साली देशासाठी तसाच कायदा झाला. 2006 साली तो पहिल्यांदा ज्या जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत आपला गोंदिया जिल्हाही होता. त्यात एका कुटुंबाला वर्षाला 100 दिवस कामाची हमी होती. कायदे बदलतात, दिवस आणि दर बदलतात. म्हणून आज काय नियम आहे, ते ग्रामपंचायतीत जाऊन विचारावे आणि स्वतः वाचावे.

वाचणे इथे फार कामाला येते. हजेरीपटावर किती दिवस मांडले? माप किती लिहिले? मजुरी किती झाली? ज्याला वाचता येत नाही, तो सांगतील तिथे अंगठा देतो. सहा दिवस राबून चारच दिवस मांडले, तरी त्याला कळत नाही. ज्याला वाचता येते, तो आधी आकडा पाहतो आणि मग सही करतो. काम मागण्याचा अर्जही लिहूनच द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तारीख कागदावर असली, म्हणजे 15 दिवस कुठून मोजायचे याचा वाद राहत नाही.

आणखी एक गोष्ट. कोणते काम काढावे, हे ग्रामसभेत बोलावे. तलावात गाळ साचला असेल, पाळ खचली असेल, तर तेच काम आधी मागावे. मजुरी आठ दिवसांत संपते. चांगला तलाव मात्र नातवंडांच्या बांधीलाही पाणी देतो.